गरीब घरातलं पोर वर कसं येणार? राजकीय मतं, मतभेद आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत दाखल्यांच्या रांगेत आणि निवडणुकीच्या तोंडावर पारावर, असे वर्षातून दोनदा हे प्रश्न हमखास निघतात. विचारणारे कधी पालक असतात, कधी अभ्यासिकेतली मुलं, कधी आमच्यासारखे मास्तर. इथली उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहेत. एखाद्या पक्षाचं म्हणणं त्या पक्षाच्या माणसाला वाचून पटेल असं मांडायचा प्रयत्न केला आहे. माझं स्वतःचं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच सांगितलं आहे.

सामाजिक गतिशीलता म्हणजे नेमकं काय? गरिबी कमी झाली की ती आपोआप येत नाही का?

येत नाही. रेशन मिळालं, घरकुल झालं, गॅस आला की गरिबी सुसह्य होते. पण ऊसतोड मजुराची मुलगी पुढे काय होणार हे तिच्या बापाच्या हातातल्या कोयत्यावर ठरत असेल, तर ती गरीब नसली तरी जागची हललेली नसते. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती: एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मनोऱ्याला शिडीच नाही. आज शंभर वर्षांनी सगळे पक्ष शिडी हवी यावर एकमत दाखवतात. भांडण आहे ते ती कुठे लावायची, कुणी आधी चढायचं आणि खर्च कुणी करायचा यावर.

जागतिक आर्थिक मंचाने २०२० मध्ये ८२ देशांची क्रमवारी लावली, तेव्हा भारत ७६ व्या जागी होता आणि डेन्मार्क पहिला. अशा क्रमवाऱ्या फार गंभीरपणे घेऊ नयेत, पण तळाशी आपली सोबत कुणाची आहे ते कळतं.

राजकारणात याबाबत मुख्य मतप्रवाह किती?

ढोबळमानाने चार. पक्षांच्या जाहीरनाम्यात ते मिसळलेले असतात, म्हणून नावं पक्षांची न घेता विचारांची घेऊ.

पहिला प्रवाह सामाजिक न्यायाचा, म्हणजे फुले-शाहू-आंबेडकरांचा वारसा सांगणारा. त्याचं म्हणणं असं की वाट जातीने अडवली आहे, म्हणून उपायही जात बघूनच करावा लागेल: आरक्षण, शिष्यवृत्त्या, जातनिहाय जनगणना. दुसरा अंत्योदयाचा. पंडित दीनदयाळ उपाध्यायांचं नाव घेणारा हा प्रवाह म्हणतो, रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत बँक खातं, घर, गॅस, पाणी, विमा थेट पोचवा; जातींमध्ये संघर्ष नको, समरसता हवी. यावर पहिल्या प्रवाहाचा जुना टोला आहे की समरसता आधी आणि समता नंतर, हा क्रम आम्हाला मान्य नाही.

तिसरा प्रवाह डाव्यांचा: जमीन, मजुरी, सरकारी शाळा आणि कायम नोकरी हाती नसेल तर बाकी सगळं वरवरचं. चौथा बाजाराचा: सरकारी दान नको, मोकळ्या बाजारात कष्टाचा भाव मिळू द्या. आपल्याकडे हा विचार बंद खोलीतल्या अर्थतज्ज्ञांनी नाही, शेतकऱ्यांच्या आंदोलनाने रुजवला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणाच होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’.

आरक्षण गरिबांसाठी आहे ना? मग सरळ आर्थिक निकष का लावत नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

आरक्षणामागचा मूळ विचार गरिबी हटवण्याचा नव्हता. सत्तेच्या आणि ज्ञानाच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्याच हातात राहिल्या, त्या मोकळ्या करणं हा होता. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा प्रश्न ‘कोण गरीब’ असा नव्हता, ‘दरबारात कोण बसलंय’ असा होता. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा ऑगस्ट १९९० मध्ये झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात ओबीसी आरक्षण मान्य केलं, तेही सामाजिक मागासलेपणाच्या आधारावर. त्याच निकालात दोन अटी आल्या: ५० टक्क्यांची मर्यादा आणि क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसींमधल्या पुढे गेलेल्या घरांना वगळणं.

आर्थिक निकषवाल्यांची बाजू २०१९ मध्ये घटनेत शिरली. १०३ व्या दुरुस्तीने खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांना (ईडब्ल्यूएस) १० टक्के मिळाले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती तीन विरुद्ध दोन अशी उचलून धरली. विरोधात गेलेल्या दोन न्यायमूर्तींचा आक्षेप गरिबांना मदत करण्यावर नव्हता. एससी, एसटी, ओबीसींमधल्या गरिबांना या १० टक्क्यांतून वगळलं, यावर होता.

माझं मत: गरीब ब्राह्मण मुलाची फी माफ व्हायलाच हवी. पण फी माफी आणि सत्तेतला वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दोन्हींचा एकच अर्ज करून ठेवला आहे.

नॉन-क्रिमीलेअरला ८ लाख आणि ईडब्ल्यूएसलाही ८ लाख. मग दोन्ही सारखंच की?

वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादेचा आकडा सारखा, मोजमाप वेगळं. ओबीसींचं क्रिमीलेअर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आईवडिलांचं पद बघतात आणि बाकीच्या मिळकतीची सलग तीन वर्षं तपासतात. ईडब्ल्यूएसला पगार, शेती, धंदा सगळं मोजतात आणि मागच्या एका वर्षाचं मोजतात. म्हणून दोन लिपिकांच्या घरातली मुलगी ८ लाखांहून जास्त पगार असूनही नॉन-क्रिमीलेअर काढू शकते, आणि शेजारच्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला तेवढ्याच पगारावर ईडब्ल्यूएस मिळत नाही. शेजाऱ्यांत वाद होतात ते यावरून. दोघंही आपापल्या जागी नियमाप्रमाणेच असतात.

मराठा आरक्षणाचा प्रश्न जातीचा की शेतीचा?

यावर पक्षांपेक्षा घराघरांत जास्त मतभेद आहेत.

घटनाक्रम आधी. २०१४ मध्ये १६ टक्क्यांचा अध्यादेश, २०१८ मध्ये कायदा, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्क्यांवर आणून मान्य केला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. २०२३ मध्ये जालन्यातल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर मनोज जरांगे यांनी मागणी कुणबी दाखल्यांकडे, म्हणजे ओबीसीतूनच आरक्षणाकडे वळवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसईबीसीचा, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा, १० टक्क्यांचा नवा कायदा झाला. जुनं ५२ टक्के, एसईबीसी १० आणि ईडब्ल्यूएस १० धरले की राज्यातली बेरीज ७२ वर जाते.

एक बाजू म्हणते, हा शेतीतला कोंडमारा आहे. आजोबांची वीस एकर नातवाकडे दोनवर आली, विहीर आटली, लग्न जमेना, आणि कॉलेजची फी लाखात. दुसरी बाजू, छगन भुजबळांसारखे ओबीसी नेते, म्हणते की शेतीचं दुखणं खरं आहे, पण त्याचं औषध ओबीसीच्या ताटातून का? तिसरी बाजू फारशी ऐकू येत नाही: शेतमालाला भाव आणि गावाजवळ कारखान्यातली नोकरी असती, तर दाखल्यासाठी एवढा जीव कुणी टाकला असता का?

मला तिसरी बाजू पटते, पण ती मोर्चातल्या मुलाला सांगता येत नाही. कांद्याच्या भावावर त्याचा काही ताबा नाही. पणजोबांची कुणबी नोंद मात्र मोडीतल्या जुन्या रजिस्टरात सापडू शकते.

एक व्यवहारातली सूचना: एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे. केंद्राच्या भरतीत आणि अखिल भारतीय कोट्याच्या जागांत तो चालत नाही, तिथे मराठा उमेदवाराला पात्र असल्यास ईडब्ल्यूएसचा केंद्रीय नमुन्यातला दाखला लागतो. दरवर्षी काही मुलं चुकीचा दाखला जोडून बाहेर पडतात.

एससीमध्ये उपवर्गीकरण म्हणजे फूट पाडणं नाही का?

काही नेत्यांचं, प्रकाश आंबेडकरांसह, तेच म्हणणं आहे. उलट मातंग समाजातल्या संघटना कित्येक वर्षं अ, ब, क, ड अशी विभागणी मागत आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत, आणि १३ टक्के आरक्षणाचा लाभ त्या सगळ्यांना सारखा पोचला असं कुणीच छातीठोकपणे म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ ला सहा विरुद्ध एक अशा निकालाने राज्यांना उपवर्गीकरणाची मुभा दिली, त्यानंतर राज्याने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. जे समाज शिकले ते पुढे गेले, यात त्यांचा दोष नाही. पण सफाईकाम करणाऱ्या वस्तीतल्या मुलाने अजून किती पिढ्या वाट पाहायची, याचंही उत्तर विरोधकांकडे असायला हवं.

आरटीईतून खासगी शाळेत घालावं की जिल्हा परिषदेचीच शाळा सुधारावी?

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी आल्या. बाजारवाद्यांना ही तरतूद आवडते, कारण पालकाला निवड मिळते. सामाजिक न्यायवाल्यांना आवडते, कारण डॉक्टरचा मुलगा आणि मोलकरणीची मुलगी एका बाकावर बसतात. डाव्यांना ती खटकते: सरकारने स्वतःच्या शाळा ओस पाडून खासगी शाळांची फी भरायची, हे त्यांना मान्य नाही. संस्थाचालकांची तक्रार निराळीच, की प्रतिपूर्तीचे पैसे वर्षानुवर्षं थकतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. उच्च न्यायालयाने जुलैत हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या वर्षी पालकांनी अर्ज दोनदा भरले.

प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे आरटीई आठवीपर्यंतच आहे. नववीला तीच शाळा पूर्ण फी मागते. आठ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी मग मराठी माध्यमात परत येते किंवा बाप कर्ज काढतो. शिवाय गणवेश, पुस्तकं, सहल, स्नेहसंमेलनाचा ड्रेस. स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे आठशे रुपये नाहीत म्हणून ‘ताप आला’ सांगणारी पोरं दरवर्षी असतात.

आणि जिल्हा परिषदेची शाळा? तिथे भांडण पटाचं आहे. सरकार म्हणतं, वीसपेक्षा कमी मुलांची शाळा परवडत नाही, समूह शाळा करू, मुलांना गाडीने आणू. वाडीतले लोक विचारतात, पावसाळ्यात ओढा भरल्यावर गाडी कुठून येणार, आणि सातवीतली पोर रोज सहा किलोमीटर कोण पाठवणार? मुलींच्या बाबतीत शाळा लांब गेली की शाळा सुटली, हे शिक्षकांना आकडेवारीशिवाय माहीत आहे. त्याचवेळी ‘असर’ या शालेय पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की पाचवीतल्या बऱ्याच मुलांना दुसरीचा उताराही नीट वाचता येत नाही. शाळा जवळ असणं आणि शाळेत शिकणं, दोन्हींवर बोलणारा पक्ष अजून यायचा आहे.

ऊसतोड मजुरांची मुलं या सगळ्यात कुठे बसतात?

बहुतेक वेळा फडावर. बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या पाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. शाळेच्या हजेरीपटावर मूल असतं आणि प्रत्यक्षात ते कोपीत धाकट्याला सांभाळत असतं.

सहकारी साखर कारखाना हे महाराष्ट्राचं सामाजिक गतिशीलतेचं सगळ्यात गाजलेलं यंत्र. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरानगरच्या प्रयोगाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला चेअरमन केलं, त्याच्या नातवाला इंजिनिअरिंग कॉलेज दिलं. पण या यंत्रात चढायचं तिकीट म्हणजे शेअर, आणि शेअरला लागायची जमीन. ऊस पिकवणारा वर गेला, तोडणारा तिथेच राहिला. काँग्रेसी परंपरेचं यश आणि मर्यादा एकाच काट्यावर अशी तोलता येते.

उपाय म्हणून साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं, संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आली. यातली वसतिगृहं जिथे खरंच चालतात तिथे पोरं गावात राहून शिकतात. बाकीचं बरंचसं फलकावर आहे.

शिष्यवृत्त्या आहेत, फी माफी आहे. मग गरीब मुलं मधेच कॉलेज का सोडतात?

याचं उत्तर थोडं लांब आहे, कारण माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे आणि यावर कुणीच भांडत नाही.

दाखल्यांपासून सुरू करू. मागास प्रवर्गातल्या मुलाला व्यावसायिक प्रवेशासाठी जात पडताळणी लागते. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींना १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला. जो समाज तेव्हा पालावर राहत होता, ज्याच्यातलं कुणी शाळेत गेलंच नाही, त्याने तो आणायचा कुठून? जितकं कुटुंब जास्त वंचित, तितका कागद कमी. शिकलेल्या घरात फाईल तयार असते.

मग महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज. उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं खातं, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र. अर्ज भरला की तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो. हप्ता आला तर पुढच्या वर्षी. तोवर काही कॉलेजं म्हणतात, आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू. तसं करू नये असे शासनाचे आदेश आहेत. पण परीक्षेचं हॉल तिकीट खिडकीच्या आत असतं आणि आदेश मुलाच्या मोबाईलमध्ये.

जुलै २०२४ मध्ये राज्याने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच. पण फी हा खर्चाचा एक भाग. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, बसपास, प्रोजेक्ट, लॅपटॉप यांना माफी नाही. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना ‘स्वाधार’ योजनेतून पुणे-मुंबईत वर्षाला ६० हजार रुपये ठरले आहेत, म्हणजे महिन्याला पाच हजार. यात भाडं भागलं तर जेवण नाही. आणि तेही महिन्याच्या महिन्याला येत नाहीत.

आता इतिहासातली एक गोष्ट बघा. शाहू महाराजांचा आरक्षणाचा हुकूम १९०२ चा, पण कोल्हापुरातलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं. वसतिगृह आधी आलं. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातलं पोर शहरात टिकलं नाही तर राखीव जागेवर बसणार कोण, हे त्या माणसाला कळत होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तीही वसतिगृहाच्या जोरावर वाढवली, वर ‘कमवा आणि शिका’ जोडलं. स्वतः बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर.

आज आरक्षणाच्या टक्क्यावर रस्ते अडतात. वसतिगृहातल्या खाटांच्या संख्येवर एकही रस्ता अडलेला मी पाहिला नाही. ओबीसींसाठी जिल्ह्याला दोन वसतिगृहं जाहीर झाली, आणि ती भाड्याच्या इमारतींत का होईना, सुरू व्हायला वर्षं लागली. कुठल्याच पक्षाचा याला विरोध नव्हता, आणि म्हणूनच बहुधा कुणाला घाईही नव्हती.

‘लाडकी बहीण’ ही रेवडी आहे की हक्काचा पैसा?

जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांखालच्या घरातल्या बायकांना महिना १५०० रुपये. महायुतीने पुढे २१०० चं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीने ३००० चं. म्हणजे रोख रकमेवर दोन्ही बाजूंचं तत्त्वतः एकमत झालं, लिलाव फक्त आकड्याचा राहिला.

बाजूने बोलणारे सांगतात की पैसा बाईच्या खात्यात येतो, नवऱ्याला विचारावं लागत नाही, आणि त्यातून मुलाची क्लासची फी जाते. हे खरं आहे. बचत गटाच्या बैठकीत जाऊन ऐका. विरोधातले म्हणतात, १५०० रुपयांनी कुणी वर जात नाही, आणि शाळा-दवाखान्याचा पैसा इकडे वळतो. हेही हवेतलं नाही. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी या योजनेकडे वळवल्यावरून खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आईच्या खात्यात १५०० आले आणि लेकीच्या वसतिगृहाचं बिल थकलं, तर त्या घराने हिशेब कसा मांडायचा?

माझं मत, बाईच्या हातात पैसा असावाच. पण त्याला गतिशीलतेची योजना म्हणू नये. तो आधार आहे.

रोजगार हमी तर आपलीच ना? तिचं काय झालं?

आपलीच. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेला, १९७७ मध्ये कायदा झाला. खर्चासाठी व्यवसाय कर आला. पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, त्याचं मूळ हे आहे. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराला कामाची हमी द्यायची, असा तो करार होता आणि सगळ्या पक्षांनी तो मान्य केला होता. पुढे २००५ मध्ये केंद्राने १०० दिवसांचा कायदा केला तो हाच धडा गिरवून.

टीकाही जुनीच: खडी फोडून आणि पाझर तलाव खणून माणूस जगतो, पण खडीवरच राहतो. समर्थकांचं उत्तर असं की हातात काम असलं की बाई मालकाला मजुरी वाढवून मागू शकते. मराठवाड्यात ज्यांनी ते दिवस पाहिलेत ते दुसरी बाजू घेतात.

डावे अजून जमिनीचंच का धरून बसलेत? आता जमीन उरलीय कुठे?

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली. एका कायद्याने एवढी कुटुंबं वर गेल्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात शोधावं लागेल. पण कूळ म्हणून जमीन कसणारे बहुतेक शेतकरी जातींचे होते. दलित मजूर कूळसुद्धा नव्हता, त्यामुळे त्याच्या हाती काही आलं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते यासाठी.

आज मागणीचा रोख वनजमिनीवर आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या किसान सभेच्या मोर्चात आदिवासींच्या रक्ताळलेल्या टाचांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यांची मुख्य मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची होती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. हे उदाहरण गंमत म्हणजे डाव्यांनाही आवडतं आणि बाजारवाद्यांनाही.

धंदा केला तर? सगळ्यांनी नोकरीच का मागायची?

‘नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा’ हा विचार पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या डिक्कीने, म्हणजे दलित उद्योजकांच्या चेंबरने, जोरात मांडला. २०१६ ची स्टँड-अप इंडिया योजना एससी, एसटी आणि महिला उद्योजकांना १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज देत होती. अडचण शाखेत येते. कर्जाचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर जातो, तेव्हा ‘जामीनदार कोण?’ हा प्रश्न योजनेत नसला तरी विचारला जातो. ज्यांच्या नातेवाइकांत आधीचा कुणी धंदेवाला नाही त्यांना पहिलं गिऱ्हाईक आणि पहिली उधारी मिळणं कर्जापेक्षा अवघड असतं.

खासगी कंपनीत तर गुणवत्तेवरच घेतात ना?

तसं असतं तर सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात वेगळं काही निघालं असतं. त्यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलली. दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. सरकारी जागा कंत्राटी होत चालल्या असताना हे महत्त्वाचं ठरतं, कारण कंत्राटदाराकडे बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याचा तक्ता, नसते. २०२३ मध्ये राज्याच्या कंत्राटी भरतीच्या निर्णयावर रान उठलं आणि तो रद्द करावा लागला, त्यामागे भीती हीच होती.

मुस्लिमांबद्दल कुणी बोलत का नाही?

बोलले होते. मुस्लिमांच्या स्थितीवरचा २००६ चा सच्चर अहवाल, मग राज्याची महमूद-उर-रहमान समिती, मग २०१४ चा ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश. उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग तेव्हा रोखला नव्हता, पण अध्यादेशाचं कायद्यात रूपांतर झालं नाही. एक बाजू म्हणते धर्मावर आरक्षण घटनेत बसत नाही. दुसरी म्हणते हे धर्मावर नव्हतं, मागासलेल्या गटांना होतं. पिढ्यांमधल्या गतिशीलतेवर सॅम अॅशर, पॉल नोव्होसाड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात देशभरात अनुसूचित जातींची मुलं वर सरकताना दिसतात, मुस्लिमांची घसरताना. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर बसलेली चौदा वर्षांची पोरं बघितली तर अभ्यासाची गरज उरत नाही.

जातनिहाय जनगणनेने काय बदलेल?

३० एप्रिल २०२५ ला केंद्राने ती करायचं जाहीर केलं, तोवर बाजूने असलेले आणि विरोधात असलेले सगळे एका रांगेत आले. आकडे आले की टक्क्यांची भांडणं वाढतील हे नक्की. कोणत्या जातीत किती मुली दहावीच्या पुढे गेल्या हेही त्यातून कळू शकेल; त्यावर किती जण भांडतील ते बघू.

एमपीएससी करत राहणं ही गतिशीलता की अडकणं?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सहाला खुर्ची धरणाऱ्या मुलाला हा प्रश्न विचारू नका, त्याच्या आईला विचारा. काही हजार जागा आणि लाखो अर्ज, जाहिरात लांबते, निकाल कोर्टात जातो, वय निघून जातं. तरी मुलं जातात, कारण गरीब घराच्या नजरेत ओळख आणि वशिल्याशिवाय उघडणारं दार तेवढंच आहे. पेपर फुटला की म्हणूनच एवढा संताप होतो.

मग उमेदवार दारात आला तर विचारायचं काय?

‘आरक्षणाला तुमचा पाठिंबा आहे का’ हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. हे विचारा: आपल्या तालुक्यात मुलींचं शासकीय वसतिगृह आहे का, त्यात जागा किती, गेल्या वर्षी अर्ज किती आले? ‘स्वाधार’चा मागचा हप्ता कुठल्या महिन्यात जमा झाला? पडताळणी समितीकडे किती प्रकरणं पडून आहेत? वीसच्या आतल्या पटाच्या शाळा किती, आणि त्या बंद झाल्या तर गाडीचा खर्च कोण देणार? आरटीईच्या आठवी पास झालेल्या मुलांचं नववीत काय?

उत्तर ‘बघतो’ असं आलं तर निकालानंतर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयाला आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला वेगवेगळ्या अर्जांत विचारा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडलात तर तेही लागत नाही.